काबा समोर होता आणि डोळे कोरडे होते

पत्रलेखिका रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतात. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, वय साठीच्या आतबाहेर. पती कुवेतला नोकरीला होते. हजसाठी दोघांनी मिळून वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकले, पण अर्ज भरायच्या आधीच पती गेले. नंतर त्या हज कमिटीमार्फत, मेहरम म्हणजे नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर नसताना जाणाऱ्या महिलांच्या गटातून जाऊन आल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"काबा पहिल्यांदा दिसला की माणूस हमसून रडतो, असं लहानपणापासून ऐकत आले. मी पाहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, पाय सुजले होते, आणि मनात आलं ते एवढंच की चपलांची पिशवी बसमध्ये राहिली. तवाफमध्ये (काबाभोवतीच्या सात फेऱ्यांत) सगळं लक्ष वुजूवर (हात-तोंड-पाय धुऊन केलेल्या शुद्धीवर). आम्ही शाफई पंथाचे, गर्दीत कुणा परक्या पुरुषाचा हात लागला की वुजू गेली का, हाच घोर. अराफातच्या मैदानात, हजच्या मुख्य दिवशी, शेजारच्या बायका धाय मोकलून रडत होत्या. माझ्या डोक्यात मात्र माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या वाडीच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही म्हणून सहा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. निघण्याआधी साऱ्या गावाची माफी मागितली, त्याच्या दारात मात्र गेले नाही. मुजदलिफा आणि मिना या मुक्कामांचे दिवस खोलीतल्या एका वयस्क चाचींचं करण्यातच गेले, माझी इबादत (उपासना) राहूनच गेली. परत आल्यावर लोक हार घेऊन आले, 'कसं वाटलं?' म्हणाले. मी सांगितलं, काबा पाहून खूप रडले. हजहून येऊन पहिलं काय केलं, तर खोटं बोलले. जाण्यापूर्वीच्या बयानात, मौलानांच्या प्रवचनात, ऐकलं होतं की ज्याचं दिल बदललं नाही त्याचा हज झालाच नाही. माझा हज झाला का? पुढच्या वर्षी उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) जाऊन ही कसर भरून काढू का? धाकटी जाऊ पुढच्या खेपेला जाणार आहे, तिला काय सांगू? आणि सगळे मला 'हज्जन' म्हणतात, ते ऐकवत नाही."

आपा, अस्सलामु अलैकुम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच ओझ्याखाली दबलेत. तुमचा हज झाला आहे.

शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, हजचे अरकान (ज्यांवाचून हज होत नाही ते विधी) मोजून सांगितलेत: नियत करून एहराम बांधणं (यात्रेचा पोशाख आणि त्याची बंधनं स्वीकारणं), जिल्हेज महिन्याच्या नवव्या दिवशी अराफातमध्ये असणं, त्यानंतरचा तवाफ-ए-झियारत, सफा-मरवा टेकड्यांमधली सई (सात फेऱ्या), केस कापणं, आणि हे क्रमाने होणं. हनफी या दुसऱ्या पंथाच्या मंडळींची मांडणी जराशी वेगळी, त्यांच्याकडे सई वाजिबमध्ये, म्हणजे अरकानच्या खालच्या पायरीवर, येते. पण अराफात आणि तवाफ यांवाचून हज नाही यावर सगळ्यांचं एकमत. पैगंबरसाहेबांची हदीसच आहे की हज म्हणजे अराफात. त्या दुपारी तुम्ही तिथे होतात. सुजलेल्या पायांनी, भावाचा विचार करत, पण होतात. या यादीत अश्रूंना जागा ठेवलेली नाही.

कुबूल झाला का, हा निराळा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, बयान करणाऱ्या मौलानांकडे नाही, तुमच्या शेजारी रडणाऱ्या बायकांकडेही नाही. पण ज्या खुणा आपल्याला सांगून ठेवल्यात त्या तरी पाहा. सूरह बकराची १९७वी आयत हजच्या दिवसांत तीन गोष्टींपासून लांब राहायला सांगते: कामवासनेचं बोलणं-वागणं, गुनाह आणि भांडणतंटा. बुखारी शरीफमधली हदीस म्हणते की ज्याने हज केला आणि तसल्या बोलण्या-वागण्यापासून, गुनाहपासून स्वतःला राखलं, तो आईने जन्म दिला त्या दिवसासारखा होऊन परततो. या अटी जिभेच्या आहेत, हातांच्या आहेत, गर्दीत धक्का बसल्यावर तोंडातून काय निघतं याच्या आहेत. चाळीसेक दिवस परक्या बायकांबरोबर एका खोलीत, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर वाटून घेत भांडण न होऊ देणं किती अवघड असतं, ते मक्केतल्या अझीझिया भागातल्या इमारतींत राहून आलेली कुणीही बाई सांगेल. तुमच्या पत्रात कुणाशी वाजल्याचा एक शब्द नाही. आणि त्याकडे तुमचं लक्षही गेलेलं नाही.

बयानात कोणती गोष्ट सांगितली ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा ती सूफी संत हजरत जुनैद बगदादींची असावी. हजहून परतलेला एक माणूस त्यांच्याकडे येतो. ते विचारतात, घर सोडलंस तेव्हा गुनाहही सोडलेस का? एहराम बांधलास तेव्हा जुन्या सवयी अंगावरून उतरवल्यास का? अराफातला उभा राहिलास तेव्हा क्षणभर तरी अल्लाहचं दर्शन झालं का? तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि जुनैद म्हणतात, मग तुझा हज झालाच नाही, पुन्हा जा. अकराव्या शतकात लाहोरच्या हजरत हुजविरींनी ही गोष्ट लिहून ठेवली आणि तेव्हापासून ती सांगितली जाते. मला ती फार प्रिय आहे. पण हे एका मुर्शिदाने, म्हणजे गुरूने, समोर बसलेल्या एका माणसाला, त्याची तयारी ओळखून विचारलेले सवाल आहेत. तेच भोंग्यावरून हजारभर लोकांना, ज्यांतल्या निम्म्यांना गुडघेदुखी आहे आणि ज्यांनी आयुष्यभराची पुंजी या प्रवासात घातली आहे, फतव्यासारखे सुनावले की त्यांचं भय होतं. आणि त्या माणसाकडेही पाहा ना. एवढ्या मोठ्या बुजुर्गासमोर तो एकदाही खोटं 'हो' म्हणाला नाही. मला ती गोष्ट आठवते ती त्याच्यासाठी.

तुमच्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती तुमची एकटीची नाही. अल्लाहच्या दारात पोचल्याचा पुरावा म्हणजे तिथे आतून काहीतरी उचंबळून आलं पाहिजे, अशी ती समजूत. वारीहून, चारधामहून परतलेल्या माणसांनाही हेच खात असतं, म्हणून हे उत्तर त्यांच्यासाठीही आहे. हजरत उमर हजरे अस्वदपुढे, काबाच्या भिंतीतल्या काळ्या दगडापुढे, उभे राहून काय म्हणाले ते तुम्हाला माहीत असेल. मला ठाऊक आहे, तू दगड आहेस, तुझ्याने ना नुकसान होतं ना फायदा. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. काबाच्या भिंतीला खेटून, दुसऱ्या खलिफाने उच्चारलेलं वाक्य इतकं कोरडं आहे! इमाम गझालींनी तर मिनातल्या जमरातला, सैतानाच्या खांबांना, खडे मारण्याबद्दल लिहिलंय की त्यात बुद्धीला रस वाटावा असं काही नाही, मनाला सुख मिळावं असंही काही नाही. केवळ हुकूम आहे म्हणून करायचं, आणि म्हणूनच बंदगी तिथे सगळ्यांत निखळ असते. ज्या कामात मनाला गोडी लागते त्यात मनाचाही वाटा असतो. तुम्ही मनाला काहीच मिळत नसताना सगळे अरकान पार पाडलेत. गझालींच्या हिशेबाने पाहिलं तर तुम्ही उणं काय केलंत?

मला स्वतःला काबा पाहून रडू आलं होतं. आदल्या रात्री झोप नव्हती, आई बरोबर होती आणि तिला चालवत नव्हतं. त्या रडण्यातलं किती अल्लाहसाठी, किती आईसाठी आणि किती थकव्याने, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. म्हणून ते मी कुठल्याच बाजूने पुरावा धरत नाही. तुमचं न रडणंही धरू नका.

शिवाय न रडण्याला कारणं आहेत, आणि ती अगदी साधी आहेत. १९९५पर्यंत मुंबईहून जिद्दाला हजची जहाजं जायची. आपल्या कोकणातली माणसं आधी मुंबई गाठायची, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायची, मग कित्येक दिवस समुद्रावर. यलमलमची, म्हणजे एहरामशिवाय जी ओलांडता येत नाही त्या मीकातची, सीध आली की जहाजावर पुकारा व्हायचा, लोक आंघोळ करून एहराम नेसायचे आणि लब्बैक सुरू व्हायचं. मक्केपर्यंत शरीर जात होतं त्याच वेगाने मनही जात होतं. आता मुंबई ते जिद्दा पाचेक तासांचं उड्डाण. एहराम घरी किंवा विमानतळावरच बांधून घ्यायचा, कारण मीकात पायाखालून कधी निघून जाते कळत नाही. मग इमिग्रेशनची रांग, बस, सामान, खोलीची वाटणी, आणि त्याच रात्री, झोपेविना, उमरा. त्या अवस्थेत काबा पाहून चपलांची पिशवी आठवली यात बेअदबी कसली? आणि या सगळ्याच्या वर तुम्ही ज्याला पत्रात एका वाक्यात गुंडाळलंत ते: ज्या माणसाबरोबर तिथे उभं राहायचं म्हणून इतकी वर्षं पैसे साठवले, तो शेजारी नव्हता. मोठं दुःख झालेलं माणूस पुष्कळदा रडत नाही, बधिर होतं. हे काबासमोरही होतं. घरी असो की हरममध्ये, काबाच्या मशिदीत, शरीर तेच असतं.

वुजूची काळजी मात्र मनाची नाही, माहितीची आहे. ती वेळीच मिळाली असती तर तुमचा तवाफ खूप हलका गेला असता. परक्या पुरुषाच्या त्वचेचा स्पर्श झाला की वुजू जाते, हे शाफईंचं मत. हनफींकडे निव्वळ स्पर्शाने जात नाही. मताफच्या, म्हणजे तवाफच्या जागेच्या, गर्दीत ही अडचण जगभरच्या शाफईंना येते, आणि इंडोनेशिया-मलेशियाहून येणारे लाखो लोक शाफईच आहेत. म्हणून तवाफपुरतं दुसऱ्या इमामांच्या मतावर चालण्याची सवलत शाफई आलिमच (धर्मपंडितच) देतात. तुमच्या झालेल्या तवाफबद्दल शंका उरली असेल तर गावातल्या किंवा तालुक्याच्या शाफई आलिमांना एकदाच, सरळ विचारा आणि ते सांगतील त्यावर विषय मिटवा. दहा जणांना विचारू नका, मोबाइलवरच्या दहा क्लिपा तर मुळीच पाहू नका.

आता त्या चाची. तुम्ही लिहिलंत की त्यांचं करण्यात इबादत राहून गेली. तुमच्या साऱ्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यांत जास्त लागलं. मुजदलिफाच्या उघड्या मैदानात तुम्ही बॅटरीच्या उजेडात खडे वेचलेत, असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्या दिवशीचे सात, पुढच्या दोन दिवसांचे एकवीस-एकवीस. एकोणपन्नास तुमचे आणि एकोणपन्नास त्यांचे, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. पहाटे त्यांना स्वच्छतागृहाच्या रांगेत धरून उभं केलंत. हे इबादतीच्या बाहेरचं आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? मिनाच्या रात्री मिनातच काढायच्या असतात. तरीही पैगंबरसाहेबांनी आपले चुलते हजरत अब्बास यांना त्या रात्री मक्केत राहायची परवानगी दिली, कारण हाजींना पाणी पाजण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माणसांच्या तहानेसाठी हजच्या एका नियमाला मुभा मिळाली. हजरत सौदा अंगाने जड होत्या, त्यांनी मुजदलिफाहून गर्दीच्या आधी निघू का विचारलं, तर त्यांना निघू दिलं. कुर्बानीच्या दिवशी लोक येऊन विचारत होते, माझ्याकडून हे आधी झालं, ते नंतर झालं. आणि पैगंबरसाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, करा, हरकत नाही. तिथली हवा अशी होती. ती आपण इतकी कडक कधी करून टाकली?

आणि सई आठवा. आपण सात फेऱ्या घालतो त्या कुणाच्या आठवणीत? लेकराला पाणी मिळेना म्हणून दोन टेकड्यांमध्ये धावणाऱ्या एका आईच्या. बीबी हाजरांच्या मनात त्या वेळी शांती नव्हती, घोर होता. त्यांची ती धावपळच आपल्या हजचा रुकन, म्हणजे अरकानपैकी एक, झाली. बायकांनी कुणासाठी तरी केलेली धावाधाव इबादतीत मोजायची नसेल तर सईला अर्थच राहत नाही.

मग भाऊ. इथे मला जरा थांबायचं आहे.

अराफातच्या दुपारी दुसरं काही मनात आलं नाही, सतत भाऊच येत राहिला, आणि त्यामुळे दुआ वाया गेली, असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत त्या मैदानात करण्यासारखं काही नसतं. चालायचं नाही, फेऱ्या नाहीत, खडे नाहीत. जोहर आणि असरची नमाज एकत्र होते आणि पुढे नुसती वेळ उरते. माणूस आपलं जे घेऊन आलेला असतो तेच त्या वेळात वर येतं. तुमच्या बाबतीत भाऊ आला. ज्याच्या दारात तुम्ही गेला नाहीत, तोच तिथे तुमच्याकडे आला. दुआच्या पुस्तकातली पानं वाचून झाली असती आणि तो आठवलाही नसता, तर मला जास्त काळजी वाटली असती.

तुम्ही विचारलंय, माझं काय चुकलं? सही न करण्यात तुमचं काहीही चुकलं नाही. सूरह निसाच्या ११व्या आयतीत मुलीचा वाटा ठरवून दिलाय. मुलाला दोन तर मुलीला एक. तो भावाच्या मेहेरबानीने मिळत नाही. आपल्याकडे मात्र बहिणीने 'माहेर तुटायला नको' म्हणून हसत हसत सही करायची रीत पडली आहे, नमाज-रोजे काटेकोर पाळणाऱ्या घरांतही. तुम्ही ती मोडलीत आणि सहा वर्षं त्याची किंमत मोजताय. तेव्हा मी तुम्हाला असं मुळीच सांगणार नाही की हज करून आलात, आता मोठ्या मनाने सोडून द्या. हाच सल्ला तुम्हाला गावात मिळेल, आणि हज्जन या नावाचं दडपण आणून मिळेल. त्याला बळी पडू नका.

पण हक्क आणि बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. त्याने त्या एकत्र बांधल्या, तुम्ही सोडवू शकता. हजला जाण्याआधी माफी मागायची रीत आहे. परत आल्यावर मागायची नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. जमजम आणि खजूर सगळ्या गावाला वाटलेत, त्याच्या घरी पाठवलेत का? नसेल तर स्वतः घेऊन जा. दुपारच्या वेळी, पाहुणे-रावळे नसताना, मध्यस्थ न नेता. वाडीचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर एवढंच म्हणा की त्यावर बोलू, पण आज नाही. "अराफातला तुझीच आठवण येत होती" हे खरं आहे, ते सांगा. वहिनीने दारातूनच खजूर घेतले आणि तो बाहेर आलाच नाही, असंही होईल. तसं झालं तर परत या आणि पुढच्या ईदला पुन्हा जा. त्याने काय करायचं ते त्याच्याकडे.

हक्काचं काम दुसऱ्या वाटेने चालू द्या. सातबाराचा ताजा उतारा काढा, वडिलांच्या नंतर वारसनोंद कशी झाली ते पाहा, मोजणी लागणार असेल तर अर्ज करा, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. बोलणं सुरू झालंच, तर त्या आनंदातही नाही. पुढे कधी तुम्हाला स्वतःला वाटलं की त्यातलं काही भावाला द्यावं, तर आधी आपल्या नावावर घ्या आणि मग द्या. जे आपलं म्हणून कधी हातातच आलं नाही, ते दिलं असं कसं म्हणणार?

धाकट्या जावेला काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्यात तुम्ही शिक्षिका म्हणून बोलताय. तिला खरं सांगा. तुम्हाला नव्हतं कुणी सांगितलं, तिला सांगणारी तुम्ही आहात. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४मध्ये हज करून आल्या आणि त्यांनी आपला वृत्तांत लिहिला, त्यात जिद्दाच्या जकातवाल्यांनी सामानाची केलेली उलथापालथ आणि पावलोपावली झालेल्या पैशांच्या मागण्या, काहीही झाकलं नाही. एका नवाबाला दीडशे वर्षांपूर्वी ते सांगायला संकोच वाटला नाही.

तेव्हा सांगा की पोचल्या रात्रीच उमऱ्याची घाई करायची गरज नाही. एहरामची बंधनं पाळून चार तास झोपली, जेवली, मग गेली तरी चालतं. गटाची बस निघून गेली तर दुसरी मिळते. सांगा की आतापासून रोज चालायला लागायचं, कारण नुसत्या सईच्या सात फेऱ्यांचं अंतर तीन किलोमीटरच्या आसपास जातं आणि त्या आधी तवाफ झालेला असतो. चपला पाठीवरच्या छोट्या पिशवीत, बसमध्ये नाही. तवाफच्या प्रत्येक फेरीची वेगळी अरबी दुआ छापलेली पुस्तिका हातात देतात. ती वाचलीच पाहिजे असं काही नाही. काबाचा रुकने यमानी हा कोपरा ते हजरे अस्वद यांच्या मधली 'रब्बना आतिना' एवढी पाठ असावी, बाकी वेळ आपल्या बोलीत बोलावं. तुमच्या गावात जी कोकणी बोलतात ती अल्लाहला समजते. गावाने दिलेली दुआंची लांबलचक यादी तिथे वाचत बसायची नाही; 'ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांचं भलं कर' एवढ्यात सगळे येतात. काबा पहिल्यांदा पाहताना मोबाइल पर्समध्ये, आणि आजूबाजूचे मोबाइल वर धरून उभे असले तरी त्यांच्यावर रागावायचंही नाही.

उन्हाबद्दल तिला कडक शब्दांत सांगा. २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांवर गेला होता आणि १३०१ जण दगावले, असं सौदी सरकारनेच जाहीर केलं. त्यांतले बहुतेक परवान्याशिवाय आलेले, ज्यांना तंबूचा आडोसा, बस काही नव्हतं. आपल्याकडच्या काही एजंटांचे स्वस्तातले 'व्हिजिट व्हिसा'वरचे हज ऐकायला सोपे वाटतात. तिने त्या वाटेला जाऊ नये. अराफातला सकाळी झोप काढावी, पाणी पीत राहावं, जबल-ए-रहमत या टेकडीवर चढायचा हट्ट धरू नये, सगळं मैदानच अराफात आहे. आणि मग दुपारनंतर बायकांच्या घोळक्यापासून जरा बाजूला, तंबूच्या कडेला बसावं. रडू आलं तर येऊ द्यावं. नाही आलं तर नुसतं बसावं. जे मनात येईल त्याला हाकलू नये. तुम्हाला काय आलं, ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

'खूप रडले' हे जे बोललात, त्याबद्दल तौबा करा आणि तिथेच सोडा. घरोघरी जाऊन दुरुस्ती करायची गरज नाही. यापुढे कुणी विचारलं तर खरी घडलेली एखादी गोष्ट सांगा. चाचींसाठी खडे मोजले ते सांगा. ऐकणाऱ्याला अश्रूच हवे असतील तर तो दुसरीकडे जाईल, पण एखादी बाई जवळ सरकून हळूच म्हणेल, माझंही असंच झालं होतं. मला येणाऱ्या पत्रांवरून सांगते, अशा बायका पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र तपासा. हा कोरडेपणा फक्त हजपुरता होता, की पती गेल्यापासून सगळीकडेच आहे? नातवंडं आली तरी बरं वाटत नाही, झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, असं असेल तर त्याचा ईमानशी संबंध लावू नका. डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दुआ चालूच ठेवा, पण औषधाच्या जागी दुआ आणि दुआच्या जागी औषध असं करू नका.

उमऱ्याचं म्हणाल तर पुढच्या वर्षी नको. कसर भरून काढायला म्हणून तर नकोच, कारण कसर राहिलेलीच नाही. परीक्षा द्यायला जावं तसं जाल आणि पुन्हा डोळे कोरडे राहिले तर काय कराल? हज आयुष्यात एकदाच फर्ज (बंधनकारक) आहे. पैगंबरसाहेबांनीही हिजरतीनंतर एकच हज केला. पैसे असतील तर आधी पतींच्या नावाचा विचार करा. त्यांच्यावर हज फर्ज झाला होता का, आणि झाला असेल तर हज्जे बदल, म्हणजे त्यांच्या वतीने हज, करायला हवा का, हे त्याच आलिमांना विचारा. तुमचा स्वतःचा हज झालेला असल्याने तो तुम्हाला करता येईल, किंवा हज झालेल्या दुसऱ्या कुणाला पाठवता येईल. आणि दोनचार वर्षांनी नुसती ओढ लागली, कारण काही नाही, तर उमऱ्याला जरूर जा.

राहिलं 'हज्जन'. लोक प्रेमाने म्हणतात, म्हणू द्या. सहीत लावू नका, दारावरच्या पाटीवर लावू नका, आणि पुतण्या-भाच्यांना सांगा की तुम्ही आधी जी हाक मारायचात तीच मारा. शाळेतली मुलं अजून 'बाई' म्हणत असतील, तर त्यांना तेच म्हणू द्या.